उखा नानांचा शेरा

जांबोदे ग्रामपंचायतीचे शेवटचे सरपंच उखा नाना यांना जन्मात कुणाला 'नाही' म्हणता आलं नाही. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा तो 'हरकत' या शब्दाच्या बोटाला धरूनच. गावात त्यावरून थट्टा चाले. नानांच्या घरात चोर शिरला तर नाना त्याला म्हणतील, पेटी जड शे, हात लावू का? थट्टा करणारेही दुसऱ्या दिवशी काही ना काही मागायला नानांच्याच दारात उभे असत.

ते जांबोदे आता सरकारी कागदांत शिल्लक नाही. तालुक्याच्या नगरपालिकेने ते पोटात घेतलं आणि त्याचा वॉर्ड नंबर सात झाला. सत्तर सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. मी मूळची धुळ्याची. बरीच वर्षं झाली, पण त्या हिवाळ्यात मी जे पाहिलं त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. नानांबद्दल लिहायचं म्हणजे स्वतःबद्दलही एक गोष्ट कबूल करावी लागेल, म्हणून आजवर लिहायचं टाळत आले.

शाळा आणि पंचायत एकाच कौलारू इमारतीत होत्या. मधली विटांची भिंत कौलांपर्यंत पोचलेली नव्हती. त्यामुळे माझे पाढे पंचायतीला आणि पंचायतीची भांडणं माझ्या चौथीच्या वर्गाला तोंडपाठ असत. नाना सकाळी केळीच्या बागेतून थेट कचेरीत यायचे. उंच, वाळके, धोतरावर केळीच्या चिकाचे काळे डाग, टोपी मात्र परीटघडीची. आले की आधी उपरण्याने पंचायतीची पाटी पुसायचे. पाटीवर धूळ असो नसो, पुसायचे. मग खुर्चीवर न बसता दारातल्या ओट्यावर बसायचे. खुर्चीत बसलं की माणसं लांबून बोलतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

ओटा हेच त्यांचं ऑफिस. एका उन्हाळ्यात एका बाईला त्या ओट्यावर मिरच्या वाळवायच्या होत्या. नाना म्हणाले, हरकत नही. तासाभराने दुसरी आली, तिला शेवया घालायच्या होत्या. हरकत नही. दुपारी दोघी समोरासमोर आल्या तेव्हा जे झालं ते माझ्या वर्गाने पुस्तकं मिटून ऐकलं. शेवटी नानांनी शेवयावालीला स्वतःच्या घराची गच्ची दिली, आणि स्वतःच्या बायकोच्या पापडांना खाटेवर जागा शोधावी लागली. रखमाअक्का आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नाना म्हणाले, त्यालाही हरकत नाही.

मी गावात आले तेव्हा एकटी बाई म्हणून मला कुणी खोली देईना. तोंडावर कुणी काही बोलत नसे, पण प्रत्येक घरात नेमका त्याच आठवड्यात पाहुणा यायचा असे. नाना मला घेऊन गावातल्या एकुलत्या मारवाडी शेठजींच्या दुकानावर गेले. दुकानामागे त्यांची एक खोली रिकामी होती. शेठजी चुळबुळ करत म्हणाले, "बाई एकट्याच आहेत ना, नाना."

"बाई एकली शे तं काय व्हयनं? शाळा शिकाडाले उनी शे. हरकत नही," नाना म्हणाले, आणि दुकानाच्या पायरीवर निवांत बसून राहिले. शेठजींनी किल्ली आणून दिली. सहा वर्षं मी त्या खोलीत राहिले. माझ्याबद्दल वावगा शब्द गावात कुणी काढला नाही.

नानांच्या नेमके उलटे म्हणजे आमचे ग्रामसेवक. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. साक्रीकडचे, बुटके, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. तोंडात कायम एकच वाक्य, नियमात बसत नाही. ओट्यावर मिरच्या नियमात बसत नाहीत, रस्त्यावर मांडव नियमात बसत नाही, पंचायतीच्या विहिरीवर म्हशी धुणं तर मुळीच बसत नाही. गावाला हा माणूस डोळ्यांसमोर नको असे. पण नानांचं आणि त्यांचं छान जमायचं. भाऊसाहेब कागद मोठ्याने वाचणार, नाना ऐकणार, आणि मग जीभ दातांत धरून मोठ्या गोल अक्षरांत समासात शेरा लिहिणार. आधी सगळी अक्षरं लिहायचे आणि शेवटी सगळ्यांवर मिळून एक लांब रेघ ओढायचे. चौथी पास माणूस, पण त्या रेघेचा त्यांना अभिमान होता.

"नाना, 'हरकत नाही' हा फार वाईट शेरा आहे," भाऊसाहेब एकदा म्हणाले. मी पलीकडून ऐकत होते. "कशाला हरकत नाही, किती दिवस नाही, ते तरी लिहीत जा."

"भाऊसाहेब, लोके परवानगी मांगतस ती आपला जीवले बरं वाटाले," नाना म्हणाले. "आपन नही म्हनं तरी बी त्या करतसच."

त्या दोन वर्षांत गावाला एकच ध्यास होता, पाण्याचा. दुष्काळात विहिरी तळाला गेल्या होत्या. तालुक्याच्या गावाला नदीवरून नळ येणार होते आणि जांबोदे तिथून जेमतेम दीड कोसावर. आमचं गाव त्या योजनेत समाविष्ट करा, म्हणून नाना महिन्यातून दोनदा कचेऱ्यांचे उंबरे झिजवत. त्या अर्जांची नक्कल मीच करून देत असे.

वैशाखात भाऊसाहेबांचे वडील वारले आणि ते दिवसकार्यासाठी साक्रीला गेले. नेमका तेव्हाच तालुक्याहून सायकलवर एक शिपाई आला. त्याच्याकडे दोन कागद होते. एकावर शेरा मारून लगेच परत द्यायचा, दुसरा पंचायतीच्या भिंतीवर लावायचा. शिपायाला पुढे आणखी दोन गावं करायची होती. नानांनी कागद वाचायला घेतला. सरकारी मराठी, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. थोड्या वेळाने ते माझ्या वर्गाच्या दारात आले.

"बाई, समाविष्ट म्हन्जे काय व्हस?"

मी फळ्यावर त्रैराशिक मांडत होते. मागे न वळताच म्हणाले, "आत घेतलेलं, नाना. सामील केलेलं."

"म्हन्जे गावले मझार लेतस."

"हो, आत घेतात."

खडू ठेवून एकदा वळले असते तर कागद त्यांच्या हातातच होता. मी वळले नाही. नाना आनंदाने परत गेले, आणि जांबोदे गाव समाविष्ट करण्याबाबत कोणाची हरकत असल्यास कळवावी, या मजकुरासमोर त्यांनी गोल अक्षरांत लिहिलं, 'हरकत नाही'. वर लांब रेघ ओढली, खाली सही, सहीवर पंचायतीचा गोल शिक्का. दुसरा कागद त्यांनी स्वतः ज्वारीच्या पिठाची खळ करून भिंतीवर चिकटवला. आनंदाच्या भरात खळ जरा सढळ हाताने लावली गेली. संध्याकाळपर्यंत शेळ्यांनी तो कागद चाटूनपुसून खाल्ला.

बारा दिवसांनी डोक्याचा गोटा घेऊन भाऊसाहेब आले. नानांनी त्यांना भिंतीपलीकडे सगळं सांगितलं. पाण्याचा कागद आला, आपण पाठवून दिला.

"नक्कल?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"बकरी खाई गई."

मी आणि माझा अख्खा वर्ग हसलो. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी त्याच दुपारी तालुक्याला पत्र लिहिलं, त्या कागदाची प्रत मिळावी म्हणून. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र लिहिलं. मग दुसरं. उत्तर आलं नाही.

दिवाळीनंतर एक जीप आली. त्यातून नगरपालिकेचे तीन कारकून उतरले. हातात छापील हुकूम होता, जांबोदे ग्रामपंचायत विसर्जित, गाव नगरपालिकेच्या हद्दीत. भाऊसाहेबांनी तो दोनदा वाचला आणि ते खाली जमिनीवरच बसले. सरकारी माणूस असा बसलेला मी कधी पाहिला नव्हता. नाना कारकुनांना म्हणाले, तुमची काहीतरी चूक होते आहे, आम्ही पाणी मागितलं होतं. कारकून बिचारे पोरगेलेसे होते. ते म्हणाले, नाना, आम्हाला फक्त चार्ज घ्यायला सांगितलंय. त्यांनी कपाट नेलं, वह्या नेल्या, पाटी काढली. नानांनी शिक्का पुसून स्वच्छ करून त्यांच्या हातात दिला. त्यांना चहाही पाजला. मला वाटतं, आपण काय करतो आहोत हे नानांना स्वतःलाच कळत नसावं.

गावाला कळलं ते पुढच्या आठवड्यात, जेव्हा गायरानावर शहराच्या कचऱ्याच्या गाड्या येऊन रित्या होऊ लागल्या. गुरं परत फिरली. बुधवारचा बाजार तालुक्यात हलवला. पोराच्या जन्माची नोंद करायला बापाला दीड कोस चालून खिडकीसमोर उभं राहावं लागू लागलं. आणि नळ? नळाचं नाव कुणी घेईना. आपली पंचायत कुणाच्याही ध्यानीमनी नसताना एका कागदाने नाहीशी झाली, हे गावाच्या पचनी पडत नव्हतं. माणसं पारावर बसून तेच तेच विचारत, असं कसं झालं, कुणी केलं. गावाला कुणीतरी हवा होता. केळीच्या ट्रकांवर मुकादम असलेला सुपडू पहिल्यांदा बोलला, "भाऊसाहेबनी गाव इकं. म्हनीसनच तो वैशाखमा गाव सोडी गया व्हता."

बापाचं मरण निमित्त ठरलं. तीन दिवसांत सगळं गाव तेच बोलू लागलं, भाऊसाहेबांनी गाव विकलं. भाऊसाहेबांच्या बायकोला विहिरीवर कुणी दोर देईना. वाण्याकडे त्यांना मीठ मिळेना. नाना घरोघर फिरून सांगत होते, भाऊसाहेब तसा माणूस नाही, ही तालुक्याची लबाडी आहे, मी उघडकीला आणतो. त्यांनी चाळीस माणसं गोळा केली आणि तालुक्याला मोर्चा नेला. अर्ज वाचायला मला बरोबर घेतलं.

तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबांनी आम्हा दोघांनाच आत बोलावलं. वयस्कर, सभ्य माणूस होता. नानांचं सगळं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकलं. मग फाईल मागवली, एक पान उघडलं आणि नानांच्या बाजूला वळवून ठेवलं.

"हरकतींची मुदत एक महिना होती," ते म्हणाले. "तेवढ्यात तुमच्या गावाकडून हा एवढा एकच कागद आला."

मी वाकून पाहिलं. मोठी गोल अक्षरं, वर लांब रेघ. 'समाविष्ट' हा शब्द तिथेच त्याच ओळीत होता आणि त्याच्या आधी स्वच्छ लिहिलं होतं, नगरपालिकेच्या हद्दीत. नाना त्या पानाकडे बघत राहिले. त्यांनी बोट अक्षरांवरून फिरवलं, जसं माझी पहिलीतली मुलं फिरवतात. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "बाहेर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी हे पान कुणाला दाखवणार नाही."

मला वाटलं, नाना आता थोडा वेळ बसतील. ते तडक उठले, बाहेर आले आणि कचेरीच्या पायरीवर उभे राहिले. चाळीस माणसं पायरीपाशी गोळा झाली.

"मी लिखं," नाना म्हणाले. "मना हातनं अक्षर शे. कागद आला, मी वाचा नही नीट, आन हरकत नही लिखी दिधं. भाऊसाहेबना काहीच दोष नही. तो तवय आठे नव्हताच."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. शब्द कुणाला विचारला, काय उत्तर मिळालं, यातलं काही नाही.

आता माणसं चिडतील, नानांना बोल लावतील, या भीतीने मी भिंतीला टेकून उभी होते. झालं ते मला आजही खरं वाटत नाही. एक म्हातारा पुढे आला आणि त्याने नानांच्या पायाला हात लावला. सुपडूचे डोळे भरून आले होते. तो म्हणाला, "नाना, राहू द्या. दुसरानं पाप आपला माथावर काब्र लेतस? तुमना तो पाणीना कागद व्हता, बठ्ठा गावले माहीत शे."

"आरे, तोच कागद हाऊ."

"कळनं, नाना. आमले बठ्ठं कळनं."

नानांनी शपथ घेतली. ती ऐकून तर दोघेतिघे रडायलाच लागले. भाऊसाहेबाला वाचवण्यासाठी हा माणूस देवाची खोटी शपथ घेतोय, याहून मोठं मन ते काय असायचं. मग सुपडू माझ्याकडे वळला.

"बाई, तुम्ही तं मझार व्हतात. खरं काय शे?"

नाना माझ्याकडे बघत होते. चाळीस माणसं बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं की नाना खरं बोलताहेत. पुढचा प्रश्न कोणता येईल तेही मला ठाऊक होतं, नानांसारखा माणूस असा कसा चुकला. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

"मला नीट दिसलं नाही," मी म्हणाले.

हे लिहिताना आजही हात थांबतो. मुलांना खोटं बोलू नये म्हणून छडी मारणारी बाई मी.

त्यानंतर नानांनी जे केलं ते बघवत नव्हतं. ते रोज एका घरात जाऊन बसत आणि सांगत, चूक माझी. घरातली माणसं त्यांना गूळ-पाणी देत, मान डोलावत आणि त्यांच्या पाठीमागे भाऊसाहेबांना आणखी दोन शिव्या घालत. जन्मभर सगळ्यांना हो म्हटलेल्या माणसावर आता कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. नानांनी फी भरून त्या पानाची नक्कल आणली. ती टंकलेखन केलेली होती, नानांचं अक्षर तिच्यात कुठून येणार. सुपडू म्हणाला, कागद काय, कोणीही लिहून देतो.

मला राहवेना. एका संध्याकाळी मी नानांच्या घरी गेले आणि म्हटलं, उद्या मुलांच्या आईबापांना शाळेत बोलावते आणि सगळं सांगते. पान मी पाहिलंय, आणि शब्दाचा अर्थही मीच सांगितला होता.

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही अर्थ खराच सांगेल व्हता. वाचनं काम मनं व्हतं."

"तरी मी सांगते, नाना."

"नही," नाना म्हणाले. "तुम्ही एकल्या शेतस. आज भाऊसाहेबनी बायकोले दोर देत नही, सकाय तुमले देवाव नहीत. नही म्हंजे नही."

त्यांच्या तोंडून सुटा 'नाही' मी पहिल्यांदा ऐकला. त्या दिवशी मला तो आज्ञेसारखा वाटला. खरं सांगायचं तर तो मला सोयीचा होता, म्हणून मी तो पाळला.

भाऊसाहेबांची बदली साक्रीकडच्या एका गावात झाली. ते आधी एकटे जाऊन घर पाहून आले. घर मिळालं नाही. जांबोद्याच्या कुणाची तरी सोयरीक त्या भागात होती आणि बातमी त्यांच्याआधीच पोचली होती, गाव विकणारा ग्रामसेवक येतोय म्हणून. तिथल्या सरपंचाने त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. हे त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांच्या बायकोने शाळेतून मुलीचा दाखला नेताना सांगितलं, आणि दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' असं लिहिलंय ना, हे दोनदा विचारलं.

नानांना मी शेवटचं पाहिलं ते भाऊसाहेब निघाले त्या दिवशी. त्याच आठवड्यात माझीही बदली धुळ्याजवळ झाली आणि पुन्हा जांबोद्याला जायचं मला धाडस झालं नाही. एसटीच्या थांब्यावर चहाच्या टपरीपाशी सुपडू आणि आठ-दहा जण उभे होते. भाऊसाहेबांच्या सामानाला कुणी हात लावला नाही. नाना आले. त्यांनी ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि शिडी चढून टपावर ठेवली, मग वळकटी, मग घागर. धुळ्याची गाडी होती, तिथून पुढे साक्रीची धरायची. भाऊसाहेब, बायको, मुलगी आत जाऊन बसले. नाना खाली उतरले, टोपी झटकली आणि त्यांच्या मागोमाग गाडीत चढले.

"देखा," सुपडू मागे वळून म्हणाला, "पोचाडाले बी चालनात नाना. असा माणूस व्हवाव नही."

मी खिडकीपाशी गेले. नाना भाऊसाहेबांच्या शेजारी बसले होते. मांडीवर धोतरजोडीचं बोचकं होतं आणि पाच-सहा दिवस पुरतील एवढ्या भाकरी बांधलेल्या होत्या. मी विचारलं, "नाना, तुम्ही कुठे?"

"यासना संगे. त्या गावले सांगी येस का हाई गाव मी घालं, भाऊसाहेबनी नही."

"तिथे तुमचं कोण ऐकणार, नाना? इथे ऐकत नाहीत."

नानांनी टपरीकडे एकदा पाहिलं. सुपडूने तिथूनच त्यांना हात जोडले.

"तठे माले कोनी वळखत नही, बाई," नाना म्हणाले. "तठे मनं खरं वाटी."

कंडक्टरने दोनदा घंटी दिली आणि गाडी निघाली.